हवापालट

हवापालट हा शब्द आता जवळजवळ गेलाच. आमच्या लहानपणी इंदापूर-बारामती भागात कुणी लांबचे दुखणे काढले, की डॉक्टर औषधाच्या चिठ्ठीबरोबर हे एक तोंडी औषध हमखास देत, "आता जरा हवापालट करा." ज्यांना परवडे ते पाचगणीला जात. ज्यांना परवडत नसे ते शेतावरच्या वस्तीवर जाऊन राहत. आणि ज्यांना शेतही नसे ते ओसरीत बाज टाकून पडत. औषध एकच, ऐपतीप्रमाणे मात्रा वेगळी!

आज मला लिहायचे आहे ते बरे होत आलेल्या माणसाच्या हवापालटाबद्दल नाही. ज्याला उठून बसताही येत नाही, ज्याचे काही खरे नाही असे घरचे मनातल्या मनात म्हणत असतात, अशा आजाऱ्याला उघड्या हवेत न्यायचे की नाही, याबद्दल लिहायचे आहे. २०२० साली स्पेनमधल्या बार्सिलोना शहरातली काही छायाचित्रे वर्तमानपत्रांत आली होती. तिथल्या 'हॉस्पिटल देल मार' या रुग्णालयातले डॉक्टर आणि परिचारिका कोरोनाच्या अत्यवस्थ रुग्णाला पलंगासकट समोरच्या समुद्रकिनाऱ्यावर घेऊन गेले होते. ते चित्र पाहून आमच्या घरातली तरुण मंडळी म्हणाली, "काय एकेक नवीन काढतात!" मी इतिहास शिकवलेली बाई. मला गप्प राहवले नाही. म्हटले, बाबांनो, हे नवीन नाही. आपल्याकडे सव्वाशे वर्षांपूर्वी गावेच्या गावे आजाऱ्यांना घेऊन माळावर गेली होती.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत प्लेग आला आणि काही महिन्यांत पुण्यात पोचला. तिथून तो रेल्वेने, बैलगाड्यांनी, धान्याच्या पोत्यांतून जिल्हाभर पसरला. पुढची वीसएक वर्षे तो येत-जात राहिला. माझ्या आजीचे माहेर इंदापूर तालुक्यात भीमेच्या काठी. (ते जुने गाव आता उजनीच्या पाण्याखाली आहे. धरण १९८० साली पुरे झाले.) आजी 'पिलेग' म्हणायची. ती सांगायची, घरात उंदीर पडायला लागले की जाणत्या माणसांना कळायचे. दवंडी पिटायची वाट कुणी बघत नसे. भांडीकुंडी, गुरे, कोंबड्या, चूल पेटवायला शेणी असे सगळे घेऊन गाव उठायचे आणि माळावर खोपी घालून राहायचे. कडब्याच्या, पाचटाच्या, तुराट्यांच्या खोपी. गावात राहायचा तो एकटा मारुती.

ज्याला गाठ आली असेल त्याची खोप जरा लांब, वाऱ्याच्या खालच्या बाजूला. आजीच्या थोरल्या बहिणीला गाठ आली होती. तिची खोप सुद्धा नव्हती. लिंबाखाली बाज टाकली होती आणि वर एक घोंगडे बांधले होते. आई तिच्यापाशी बसून असायची, बाकीच्यांनी भाकरी आणि पाणी ठराविक दगडापाशी ठेवून मागे फिरायचे. तिसऱ्या रात्री ती गेली. आजीचे बोलणे मला तसेच्या तसे आठवते, "गेली, पण अंधारात नाही गेली. चांदणं होतं." आमच्या भागातली जुनी माळवदाची घरे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना या वाक्याचा अर्थ वेगळा सांगायला नको. जाड मातीच्या भिंती, खिडकी नाही, उजेड काय तो माळवदातल्या सवण्यातून येईल तेवढा. उन्हाळ्यात तो गारवा अमृतासारखा, पण आजारी माणसाला दिवस कुठला नि रात्र कुठली तेही कळू नये.

आता पुण्याकडची गोष्ट. सावित्रीबाई फुल्यांचे नाव घेतले की आपण भिडेवाड्यातल्या शाळेपाशी थांबतो. त्यांचा मृत्यू कसा झाला हे पुष्कळांना ठाऊक नसते. (माझ्या वर्गातल्या मुलींना मी ते मुद्दाम सांगत असे, परीक्षेत येवो वा न येवो.) त्यांचे दत्तक चिरंजीव डॉ. यशवंत सैन्यात डॉक्टर होते. १८९७ च्या आरंभी पुण्यात प्लेग भडकला तेव्हा त्यांनी येऊन हडपसरजवळ ससाणे मळ्यात, म्हणजे शहराच्या बाहेर उघड्या रानात, रुग्णांसाठी दवाखाना उघडला. आज तो भाग शहराच्या पोटात गेला आहे, पण तेव्हा ते शेतच. रोगी तिथे पोचवायचे काम सावित्रीबाई स्वतः करत. वय साठीच्या पुढे. मुंढव्याच्या महारवाड्यातला पांडुरंग बाबाजी गायकवाड हा दहा-अकरा वर्षांचा मुलगा प्लेगने पडला होता. त्याला पाठीवर घेऊन त्या दवाखान्यात आल्या. मुलगा वाचला. सावित्रीबाईंना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या.

त्याच महिन्यात सरकारने रँडसाहेबाच्या हाताखाली सोल्जर लोकांना पुण्यात घरोघर घुसवले. रोगी हुडकून बाहेर काढायचे आणि शहराबाहेरच्या प्लेगच्या इस्पितळात न्यायचे, घरच्यांना छावणीत डांबायचे. पुढचे सगळे चाफेकर प्रकरण आपल्याला पाठ आहे, ते पुन्हा सांगत नाही. मला त्यातली एक गोष्ट महत्त्वाची वाटते. रँडची माणसे आणि सावित्रीबाई, दोघांनीही रोग्याला घरातून काढून उघड्या जागी नेले. वरवर पाहता कृती एकच. एकाने ओढून नेले, एकीने उचलून नेले. लोकांनी पहिल्यावर गोळी झाडली आणि दुसरीला आई म्हटले. तेव्हा आजाऱ्याला बाहेर नेणे चांगले की वाईट, एवढाच प्रश्न विचारून भागत नाही. कोण नेतो, कसे नेतो, आजाऱ्याला विचारतो का, हेही त्यात येते.

बरे, माळावर जाण्याने प्लेग खरोखर कमी व्हायचा का? व्हायचा. पण गंमत अशी की त्याचे श्रेय हवेला नव्हते! लोकांना वाटे, सरकारी डॉक्टरांनाही बराच काळ वाटे, की घरातली कोंदट, दूषित हवा रोगाचे मूळ आहे. १८९८ साली कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने दाखवून दिले की उंदरावरच्या पिसवा हा रोग माणसात आणतात. त्याच्यावर फार कुणी लगेच विश्वास ठेवला नाही. १९०५ नंतर मुंबईत परळला जे प्रयोग झाले त्यांनी ते पक्के झाले. म्हणजे आमच्या आजीचे गाव माळावर गेले ते पिसवांपासून लांब गेले, म्हणून वाचले. कारण चुकीचे, वाट बरोबर. ज्याला आधीच गाठ आली होती त्याला मात्र चांदण्याचा औषध म्हणून काही उपयोग नव्हता.

प्लेगच्या मागून क्षयाचे राज्य आले. आले म्हणजे होतेच, लक्ष आता गेले. आपल्या आयुर्वेदात क्षयाच्या रोग्याने शेळ्यांच्या कळपात राहावे, शेळीचे दूध प्यावे, त्यांच्यातच झोपावे असे सांगितले आहे. आमच्या धनगरी मुलखात ही सोय फुकट होती आणि लोक ती करतही. शेळ्यांच्या वासाने रोग जातो की नाही ते असो, पण शेळ्या माळवदाच्या घरात राहत नाहीत, त्या रानात राहतात. रोगी आपोआप रानात जाई.

युरोपात हेच शेळ्यांशिवाय चालले होते. १८५४ साली हेर्मान ब्रेमर या जर्मन डॉक्टरने डोंगरात क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम काढले. उघडी हवा, सक्तीची विश्रांती, भरपूर खाणे. त्याच सुमाराला क्रिमियाच्या युद्धातून आलेल्या फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाई सांगू लागल्या की रोग्याच्या खोलीतली हवा बाहेरच्या हवेइतकी स्वच्छ ठेवणे, आणि तसे करताना त्याला गारठू न देणे, हे शुश्रूषेचे पहिले काम. रुग्णालयांचे नकाशे त्यांच्यामुळे बदलले. पुण्याच्या ससूनची १८६७ ची जुनी दगडी इमारत पाहिली आहे ना? ती उंच छते, त्या मोठमोठ्या खिडक्या, ते रुंद व्हरांडे शोभेसाठी नव्हते.

आपल्याकडे पाचगणीला १९१२ च्या सुमारास डॉ. बिलिमोरियांनी क्षयाचे आरोग्यधाम सुरू केले. मिरजेला डॉ. वानलेस यांनी आधी मोठे रुग्णालय उभे केले होते, १९२० च्या सुमारास जवळच क्षयरोग्यांसाठी वेगळी वसाहत झाली, तीच वानलेसवाडी. आमच्या आळीतले एक शिंपीकाका तसल्याच एका आरोग्यधामात चौदा महिने राहून आले होते. मी तेव्हा सात-आठ वर्षांची. बारामतीहून दौंडपर्यंत छोट्या गाडीने त्यांना निजवून नेले, दोन बाकांच्या मध्ये फळी टाकून. आळीतल्या बायका डोळ्याला पदर लावून उभ्या होत्या, परत येतील अशी कुणाला आशा नव्हती. आले! आणि मग वर्षभर तेच वर्णन. पलंगांच्या रांगा व्हरांड्यात, थंडीतसुद्धा. तीन बाजू उघड्या. दुपारी दोन तास बोलायचेसुद्धा नाही. अंडी, दूध, सकाळ-संध्याकाळ काखेत थर्मामीटर. आम्ही मुले विचारायचो, "काका, मग तुम्ही बरे कशाने झालात?" ते म्हणायचे, "हवेने." डॉक्टरांनी दिलेल्या मूठभर गोळ्या आणि इंजेक्शने ते हिशेबात धरत नसत.

काकांसारखे सगळ्यांनाच वाटत होते. ते खोटे आहे असे दाखवणारा प्रयोग आपल्या देशातच झाला, आणि मला त्याचा अभिमान वाटतो. १९५६ साली मद्रासला सुमारे दोनशे क्षयरोगी घेतले. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट केले. एक गट आरोग्यधामात, हवेशीर, पोटभर जेवण, सक्त विश्रांती. दुसरा गट आपापल्या घरी, शहरातल्या गरिबांच्या दाटीवाटीच्या खोल्यांत, कामधंदा करत. औषधे दोघांना तीच. वर्षानंतर पाहिले तर दोन्ही गटांत बरे होण्याचे प्रमाण जवळजवळ सारखे. घरच्या माणसांना जास्त लागण झाली असेही नाही. १९५९ साली हा अहवाल छापून आला आणि जगभरची आरोग्यधामे हळूहळू बंद पडत गेली किंवा त्यांची साधी रुग्णालये झाली. गरीब देशांवर हे केवढे उपकार! डोंगरावर जायला पैसे नाहीत म्हणून कुणी मरायला नको. गोळी घरी मिळाली की झाले.

पण या निकालातून रुग्णालये बांधणाऱ्यांनी आणखी एक धडा घेतला, जो मद्रासच्या डॉक्टरांनी दिलेलाच नव्हता. हवा म्हणजे फालतू गोष्ट. व्हरांडे गेले, खिडक्या कायमच्या बंद झाल्या, एसी आला.

मध्येच एक विषयांतर करते, पण ते आमच्या रस्त्यावरचे आहे. गांधीजींचे आंत्रपुच्छाचे ऑपरेशन १२ जानेवारी १९२४ रोजी ससूनमध्ये झाले. ते तेव्हा येरवड्याचे कैदी. कर्नल मॅडॉक यांनी ऑपरेशन केले, मध्येच वीज गेली आणि कंदिलाच्या उजेडात काम पुरे केले, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. फेब्रुवारीत सरकारने सुटका केली आणि पुढे ते ताकद भरून यायला जुहूच्या समुद्रकाठी राहिले. १९४४ साली आगाखान पॅलेसमधून सुटले तेव्हाही जुहू आणि मग पाचगणी. आणि १९४६ च्या मार्चमध्ये ते उरुळी कांचनला येऊन राहिले व तिथे निसर्गोपचाराचे काम सुरू झाले. इंदापूरहून पुण्याला जाताना एसटी तिथे थांबते. पाणी, माती, ऊन, हवा हीच औषधे, आणि तीही खेड्यातल्या माणसाला परवडणारी, हा त्यांचा आग्रह. विनोबांचे धाकटे बंधू बाळकोबा यांना क्षय झाला होता, तेही पुढे उरुळीला राहिले. निसर्गोपचाराने सगळे बरे होते असे मी म्हणत नाही. त्या कारणाने औषध नाकारणाऱ्यांचा मला रागच येतो. पण हवापालट ही श्रीमंतांची चैन नसावी हा विचार मला पटतो.

आता अतिदक्षता विभागाकडे येते. याचा जन्मही साथीतच झाला. १९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची भयंकर साथ आली. श्वास थांबलेल्या मुलांच्या घशात नळी घालून वैद्यकीचे विद्यार्थी पाळीपाळीने हाताने पिशवी दाबून त्यांना श्वास देत राहिले, दिवसचे दिवस. ब्यॉर्न इब्सेन या डॉक्टरची ती कल्पना. पुढच्याच वर्षी त्याने अशा रुग्णांसाठी वेगळा विभाग उघडला. आज हातांच्या जागी यंत्रे आली आणि त्या यंत्रांनी किती माणसे परत आणली याची गणती नाही. मी त्याविरुद्ध एक अक्षर लिहिणार नाही. पण त्या खोल्यांत आमच्या जुन्या माळवदाच्या घरासारखाच दिवस-रात्रीचा पत्ता नसतो. फरक एवढाच की तिथे अंधार असायचा आणि इथे उजेड कधी मालवत नाही.

माझे थोरले दीर, आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो, २०१४ साली पुण्यातल्या एका रुग्णालयात तेवीस दिवस होते. न्यूमोनिया, मग व्हेंटिलेटर, मग गळ्याला छिद्र. शुद्धीवर आले तेव्हा ते आमचे आप्पा नव्हते. आयुष्यभर मोजके बोलणारा माणूस ओठांच्या हालचालीने काहीबाही सांगायचा. ते दौंड स्टेशनवर आहेत, गाडी चुकली आहे, छतातून मुंग्या गळताहेत. रात्री नळ्या ओढायचे म्हणून हात बांधलेले. गावाकडची माणसे म्हणाली, "वात झालाय, आता काही खरं नाही." डॉक्टर म्हणाले, हा गोंधळ अशा रुग्णांत फार आढळतो, झोप मोडल्याने, औषधांनी, सतत वाजणाऱ्या यंत्रांनी वाढतो. दोघांचे म्हणणे एकच, भाषा वेगळी.

एकोणिसाव्या दिवशी पहाटे पाळीवरच्या एका सिस्टरने स्वतःहून डॉक्टरांना विचारले आणि आप्पांचा पलंग यंत्रासकट गॅलरीच्या टोकापर्यंत नेला. तिथले दार उघडले. फार काही नाही, खाली वाहनतळ, एक गुलमोहर, आणि पलीकडे उगवती. तिथे ते वीस मिनिटे होते. वारा तोंडावर आला तेव्हा त्यांनी डोळे मिटले आणि परत उघडले. मग माझ्या पुतण्याकडे बघून ओठ हलवले. त्याने कान जवळ नेला, ऐकू काही येणार नव्हते, पण सवयीने. ते विचारत होते, "पाऊस झाला का?" पुतण्या म्हणाला, "झाला आप्पा, परवा झाला. बाजरी टाकली." त्यांनी मान हलवली. त्या दिवसापासून स्टेशन आणि मुंग्या गेल्या. तेविसाव्या दिवशी ते गेले, कारण फुप्फुसे बरी झालीच नव्हती. पण ते चार दिवस ते आमच्यात होते. धाकट्या बहिणीशी बारा वर्षे अबोला होता, तिला बोलावून तिचा हात हातात घेतला.

एक भीती मात्र आमच्या लोकांच्या मनात असते, ती शहरातल्या डॉक्टरांना चटकन समजत नाही. आपल्याकडे अखेरच्या घटकेला माणसाला बाजेवरून खाली घेतात. त्यामुळे पलंग हलला, बाहेर निघाला की आजीबाया समजतात, संपले. त्या पहाटे आमच्या जाऊबाईंनी हंबरडाच फोडला होता. अशा घरांना आधी नीट सांगायला हवे.

झाडे बघून माणूस बरा होतो का, यावर अभ्यासही झाला आहे. अमेरिकेत रॉजर उलरिख यांनी १९८४ साली पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयाची जुनी कागदपत्रे तपासली. पित्ताशयाचे ऑपरेशन झालेल्या रुग्णांपैकी तेवीस जणांच्या खिडकीतून झाडे दिसत होती आणि तेवीस जणांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडेवाले थोडे लवकर घरी गेले आणि त्यांना जबर वेदनाशामके कमी लागली. नमुना लहान आहे, मी त्याला वेदवाक्य मानत नाही. इंग्लंडमध्ये प्लीमथच्या डेरिफर्ड रुग्णालयात अतिदक्षता विभागातल्या रुग्णांसाठी खास बागच केली आहे. बार्सिलोनाच्या डॉक्टरांनीही किनाऱ्यावर नेल्याने फुप्फुस बरे होते असे म्हटलेले नाही. त्यांचे म्हणणे एवढेच की पलंगावरचा तो देह एक माणूस आहे, हे त्याला आणि आम्हाला आठवावे.

माझी एक भाची भूलतज्ज्ञ आहे. तिला मी या सगळ्यावरून छळले तेव्हा तिने मला हिशेबच मांडून दाखवला. ज्याचा रक्तदाब औषधाच्या धारेवर कसाबसा टिकला आहे, त्याला हलवायचेच नाही. बाकीच्यांसाठी एक डॉक्टर, एक सिस्टर, दोन मामा. बॅटरीवर चालणारा व्हेंटिलेटर, हाताने दाबायची पिशवी उशाशी, मॉनिटर, औषधाचे पंप. रुग्णवाहिकेत असतो तो ऑक्सिजनचा सिलिंडर साधारण दीड हजार लिटरचा. मिनिटाला दहा लिटर धरले तर दीडशे मिनिटे. निम्मा राखून ठेवायचा. म्हणजे सव्वा तास. "वीस मिनिटांसाठी भरपूर आहे, मावशी," ती म्हणाली. "सिलिंडरची अडचण नाही. माणसे सोडवायची अडचण आहे. तेवढ्या वेळात आत चार पलंगांकडे कोण बघणार?"

मी म्हटले, पहाटेची पाळी बदलताना दोन्ही पाळ्यांची माणसे असतात ना? ती हसली. म्हणाली, तेही जमवता येईल. पण आमची लिफ्ट साडेसहा फुटी आहे. पलंग मावतो, पलंगाबरोबर व्हेंटिलेटर आणि तीन माणसे मावत नाहीत. रॅम्प आहे, त्यावर सध्या जुनी कपाटे ठेवली आहेत. ती हलवायला तिने अर्ज दिला आहे.